शाळेचं ध्येय मुलांच्या दप्तरात कशाला?

पत्र : सातपूर भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी यंदा जूनपासून मुख्याध्यापिका आहे. दहावीच्या दोन तुकड्या, पालक बहुतेक एमआयडीसीत कामाला. गेल्या वर्षी ९८ पैकी ८९ मुलं पास झाली. आता संस्थेने ‘शाळा सुधार आराखडा’ मागितला आहे आणि त्यात काय लिहायचं तेही जवळपास सांगून टाकलं आहे. निकाल शंभर टक्के, नव्वदच्या वर किमान वीस मुलं. त्यासाठी दिवाळीनंतर सकाळी सातचे जादा तास सुरू झालेत, दर रविवारी सराव चाचणी असते आणि हुशार मुलांची वेगळी तुकडी करायची सूचना आहे. इकडे सहामाहीत एका मुलीला गणिताच्या पेपरआधी उलटी झाली. आता रविवारच्या चाचणीलाही तिला तसंच होतं. दोन मुलं डोकं दुखतं म्हणून रोज ऑफिसात येऊन बसतात. मी ध्येय गाठू की मुलांचा ताण बघू? दोन्ही एकदम जमत नाही असं वाटायला लागलंय. — एक मुख्याध्यापिका, नाशिक

बाई, सप्रेम नमस्कार.

संस्थेने दिलेली दोन वाक्यं पुन्हा एकदा वाचून बघा. निकाल शंभर टक्के, नव्वदच्या वर वीस मुलं. या दोन वाक्यांत शाळेने काय करायचं हे कुठे आहे? शिक्षकांनी काय बदलायचं, तुम्ही काय बदलायचं, संस्थेने कशाला पैसे द्यायचे, यातलं काहीच नाही. सगळं काम मुलांनी करायचं आणि आकडा आणून द्यायचा. म्हणून तुम्हाला ध्येय आणि ताण समोरासमोर उभे दिसतात. आराखड्यात मोठ्या माणसांची कामं लिहायला लागलात की ही अडचण बरीचशी सुटेल. पूर्ण सुटणार नाही. दहावी आहे, थोडा ताण राहणारच, आणि थोडा असायलाही हरकत नाही.

आता त्या शंभर टक्क्यांबद्दल. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, आपल्या नाशिक विभागाचा ९३.०४. म्हणजे बहुतेक शाळा नव्वदीच्या घरातच असतात आणि शंभरचा फ्लेक्स लावणारी एखादी शाळा वरच्या चार-सहा टक्क्यांचं काहीतरी करते. ते काय करते, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे. नववीच्या निकालाला पालकांना बोलावतात, ‘याला झेपणार नाही, तुम्ही सतरा नंबर भरा’ असं सांगतात. मुलगा बाहेरून बसतो, नापास झाला तर तो आपल्या पटावर नसतो. पटावरची सगळी पास, निकाल शंभर टक्के. तुमचे नऊ नापास झाले म्हणजे निदान नऊ कच्ची मुलं तुम्ही दहावीपर्यंत सांभाळली, असाही त्याचा अर्थ होतो. मला तुमचा ९१ टक्के जास्त खरा वाटतो.

तेव्हा आराखड्यातला पहिला आकडा बदला. जूनमध्ये आठवीत जी मुलं होती, त्यांतली किती तीन वर्षांनी आपल्याच शाळेतून दहावीला बसली, हा आकडा लिहा. मधे कुणाची बदली झाली, कुणी गावी परत गेलं, ते वेगळं नोंदवा. जनरल रजिस्टरवरून क्लार्क अर्ध्या दिवसात काढून देतील. आणि दुसरं, गेल्या वर्षीच्या त्या नऊ जणांचं पुढे काय झालं? किती जण पुरवणी परीक्षेला बसले? ज्यांचे एक-दोन विषयच राहिले होते त्यांना एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हे त्यांच्या घरी कुणी सांगितलं का? निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाले की शाळा या मुलांना विसरते. पुरवणीचा फॉर्म भरायचे दिवस मोजके असतात आणि तेवढ्यात मुलगा कुठेतरी कामाला लागलेला असतो. ‘नापास झालेल्या प्रत्येक मुलाचा पुरवणीचा फॉर्म शाळा भरून घेईल’ हे वाक्य आराखड्यात लिहा. ते मुलांच्या डोक्यावर बसत नाही, तुमच्या ऑफिसावर बसतं.

नव्वदच्या वर वीस मुलं, यावर फार वेळ घालवू नका. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सहापैकी पाच विषयांची बेरीज होते, अंतर्गतचे वीस गुण शाळाच देते. नव्वदचा आकडा दिसतो तेवढा पक्का नसतो. मुलांना मात्र हे जरूर सांगा की एक विषय घसरला तरी टक्केवारी बुडत नाही. हे माहीत असूनही मनावर न घेतलेली मुलं खूप असतात. स्वतःसाठी म्हणून अंतर्गतचे वीस बाजूला ठेवून फक्त लेखीचे ऐंशी बघा. कुठल्या विषयात किती पाण्यात आहोत ते तिथेच कळतं.

आता ताणाकडे येते. येत्या मंगळवारी दहावीच्या दोन्ही तुकड्यांना एकेक कोरा कागद द्या, नाव लिहायचं नाही. कालचा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने लिहायचा. मी तुमच्यासारख्याच एका शाळेत हे करून घेतलं होतं. एका कागदावर साधारण असं होतं : पावणेसहाला उठलो. सात ते नऊ जादा तास. घरी येऊन जेवण आणि राहिलेला गृहपाठ. साडेअकरा ते सव्वापाच शाळा. सहा ते साडेआठ कॉलेज रोडला क्लास. सव्वानऊला घरी, बस चुकली तर पावणेदहा. जेवलो. दहा ते बारा क्लासचा गृहपाठ. झोपलो. शेवटी बारीक अक्षरात ‘काल मोबाइल नाही बघितला’ असं, कुणीतरी तेच विचारणार हे धरून चालल्यासारखं.

पावणेसहा तासांची झोप. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात. महिनोन्महिने दोन-तीन तास कमी झोपलेल्या मुलाला तुम्ही योगासनं शिकवा नाहीतर प्रेरणादायी व्याख्यान ऐकवा, त्याला समोर बसून झोपच येणार. (व्याख्यानांचं तेवढं बघाच. डिसेंबर आला की हॉल भरून मुलं बसवायची, पाहुण्यांनी दीड तास ‘टेन्शन घेऊ नका’ सांगायचं, आणि त्या दिवशी बुडलेला भूमितीचा तास रविवारी घ्यायचा. मला याचा राग येतो.)

कागद गोळा झाले की सकाळी सातच्या तासांचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सातला शाळेत पोचायचं म्हणजे अंधारात सायकल काढायची. माझं मत विचाराल तर सरसकट जादा तास बंद करा. दोन्ही तुकड्यांना पुन्हा तोच धडा शिकवून ज्याला येतं त्याचा वेळ जातो आणि ज्याला येत नाही त्याला दुसऱ्यांदाही येत नाही. ज्या पंचवीस-तीस मुलांना खरोखर मदत हवी आहे, त्यांच्यासाठी शाळेच्या वेळातच आठवड्याला तीन तासिका काढा, सहा-सात जणांचे गट करा. वेळापत्रकातून तासिका काढणं अवघड आहे, शिक्षक कुरकुर करतील. पण ती कुरकुर मोठ्यांनी सोसायची, पोरांनी पहाटे उठून नाही. या गटांत बहुधा असं आढळेल की बऱ्याच जणांना गणित येत नाही असं नसतं, शाब्दिक उदाहरण वाचून त्यात काय विचारलंय तेच उमगत नाही. ते काम गणिताच्या सरांबरोबर मराठीच्या बाईंनी करायचं आहे.

मग सुधारणेसाठी काय धरायचं? एकच सांगते आणि त्यावरच जरा रेंगाळते. घटक चाचणी असो की सराव चाचणी, पेपर आठ दिवसांत तपासून परत, आणि परत करताना एक तासिका फक्त चुकांवर. तुमच्या शाळेत पेपर किती दिवसांनी मिळतात ते मुलांना विचारा. तीन आठवडे हे उत्तर मला नवीन नाही. तोवर मुलगा पेपर विसरलेला असतो, वर लाल शाईतला आकडा तेवढा बघतो, शेजाऱ्याचा बघतो आणि पेपर दप्तरात कोंबतो.

बीजगणितातल्या वर्गसमीकरणांचं उदाहरण घ्या. मधल्या पदाचा सहगुणक उणे पाच आहे. सूत्रात सुरुवातीलाच त्याचं उणे घ्यायचं, म्हणजे उण्याचं उणे, अधिक पाच. अर्धा वर्ग तिथे उणे पाचच लिहितो. पुढचं सगळं बरोबर, वर्गमूळ बरोबर, भागाकार बरोबर, उत्तराची चिन्हं उलटी. घरी जाऊन ही मुलं आईला सांगतात, ‘मला वर्गसमीकरण येत नाही.’ येतं की! एका चिन्हापाशी पाय घसरतो आणि फळ्यावर दहा मिनिटं दिली की पुन्हा घसरत नाही. पण हे कळायला सरांनी पेपर तपासताना शेजारी खूण करावी लागते : रीतच माहीत नव्हती, आकडेमोडीत चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपली. चार खुणा पुरतात. मुलाला ‘तेरा मार्क’ यापेक्षा ‘माझे सात मार्क चिन्हात गेले’ हे कळलं की त्याला काहीतरी करता येतं. धास्ती बसते ती आपण कुठे चुकतोय हेच न कळण्याची.

रविवारच्या चाचण्याही याच कसोटीवर बघा. चाचणी घेणं मुळात वाईट नाही, उलट चांगलंच. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं होतं. उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा, एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. म्हणजे आठवून लिहिणं हाच अभ्यास. पण त्यासाठी रविवार कशाला घालवायचा, आणि गुण लावून यादी कशाला लावायची? तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्न, पुस्तक बंद, उत्तरं ज्याची त्याने तपासायची, गुण कुठेच नोंदवायचे नाहीत. एक प्रश्न कालचा, दोन मागच्या आठवड्यातले, दोन दिवाळीआधीचे. विज्ञानाला आणि इतिहासाला तर हे फारच लागू पडतं. रविवार मुलांना परत द्या. दुपारी झोपू दे, मामाकडे जाऊ दे, सोमेश्वरला फिरू दे.

पूर्वपरीक्षा मात्र अगदी बोर्डासारखी घ्या. ऐंशी गुणांचा पेपर अकराला, शेवटची वाढीव दहा मिनिटं धरून दोन दहाला संपवायचा, बाकं तशीच, उत्तरपत्रिकेवर बारकोडची जागा कुठे तेही दाखवायचं. परक्या वर्गात परक्या पर्यवेक्षकासमोर बसण्याची भीती एकदा बसून गेली की बरीच उतरते.

आराखड्यात आणखी काही घालायचा मोह होईल. स्पोकन इंग्लिश, डिजिटल वर्ग, स्पर्धा परीक्षा, सगळंच. नको. आपल्याकडे द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना नवखा माणूस मणी काढायला कचरतो आणि मग एकही मणी धड फुगत नाही. मुलं टिकवणं, पुरवणीपर्यंत साथ देणं आणि पेपर आठ दिवसांत परत, वर्षभरासाठी एवढं पुष्कळ झालं.

हुशार मुलांच्या वेगळ्या तुकडीला स्वच्छ नाही म्हणा. तुमच्या हातात कागदही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून मुलं वेगळी काढणं, चारचौघांत अपमान करणं, कुवतीबाहेरची उद्दिष्टं लादणं हे शक्यतो टाळावं, असं त्यात आहे. रोख मुख्यतः कोचिंग क्लासवर असला तरी सूचना सगळ्यांनाच लागू आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, हेही त्यातच आहे. संस्थाचालकांना मुलांच्या मनाचं बोललं की ते घड्याळ बघतात, न्यायालयाचं नाव काढलं की सरळ बसतात. आणि ‘ब’ तुकडीत राहिलेल्या मुलाला आपल्याबद्दल शाळेचं काय मत आहे हे पहिल्याच दिवशी कळतं, त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या मुलीबद्दल. तिला वर्गात काहीही विचारू नका, ‘आता बरं आहे का गं?’ एवढंसुद्धा नाही. तिचं ज्यांच्याशी जमतं अशा बाई असतील, मग त्या गणिताच्या असोत की चित्रकलेच्या, त्यांनी बाजूला घेऊन बोलावं. उलटी फक्त गणिताच्या दिवशी होते की इतर दिवशीही? सकाळी काही खाऊन येते का? घरी काय चाललंय? आईला बोलावून आधी डॉक्टरांना दाखवायला सांगा, पित्त म्हणून सोडून देऊ नका आणि नाटक तर मुळीच म्हणू नका. शाळेत करण्यासारखं असं : काही आठवडे तिला गणिताच्या चाचण्या वर्गाबाहेर लिहू द्या. आधी दहा मिनिटांची, येणाऱ्याच उदाहरणांची, मग वीस मिनिटांची, मग अर्ध्या पेपरची, शेवटी सगळ्यांबरोबर, दाराजवळच्या बाकावर. पेपर हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं पेन उचलायचं नाही, फक्त वाचायचं आणि येणाऱ्या प्रश्नांवर पेन्सिलीने खूण करायची. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा याचा उपयोग होतो.

ती किंवा दुसरं कुणीही ‘नकोसं झालंय’, ‘मी नसलेलीच बरी’ असं बोललं, लिहिलं, कुणाजवळ पुटपुटलं, तर मग थांबायचं नाही. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलावून त्यांच्या हाती द्या. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. हा नंबर ऑफिसात फाइलला नको, प्रत्येक वर्गाच्या दाराच्या आत लावा.

पालकांची सभा संध्याकाळी पाचला ठेवाल तर शिफ्टवाले वडील येणार नाहीत आणि पुन्हा आयाच ऐकून घेतील. सभेची दोन वेळापत्रकं करा, एक सकाळच्या शिफ्टसाठी, एक दुपारच्या. सभेत मुलांचे गुण वाचून दाखवू नका. त्यांच्याच मुलांनी भरलेले ते बिननावाचे कागद वाचून दाखवा. बरेच बाप पहिल्यांदाच ऐकतील की पोरगं किती तास झोपतं. क्लास बंद करा असं मी म्हणणार नाही, पैसे भरलेले असतात आणि लोक ऐकतही नाहीत. पण शाळेचा आणि क्लासचा गृहपाठ मिळून रात्री दहाच्या आत संपला पाहिजे, एवढं दोन्हीकडे कळवता येतं. शाळेने आपल्या बाजूने कमी केला तर क्लासवाल्यांशी बोलायला तोंड राहतं.

दहावीनंतरच्या वाटाही नुसत्या सांगून उपयोग नाही. तुमची मुलं आयटीआय सिग्नलवरून रोज जातात, आत किती जण गेलीत? जानेवारीआधी नववी-दहावीला तिथे एक फेरी मारून आणा. कुठल्या ट्रेडला काय शिकवतात, यंत्रं कशी असतात, हातात काय काम येतं, ते बघू दे. सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनाबद्दल तिथे शिकणारा तुमचाच एखादा माजी विद्यार्थी बोलवा. राज्यात अकरावीच्या जागा दरवर्षी मोठ्या संख्येने रिकाम्या राहतात, हेही आकड्यांनिशी सांगा. ‘हवं ते कॉलेज’ मिळणार नाही हे खरं, पण कॉलेजच मिळणार नाही ही भीती खोटी आहे, आणि पोरं घाबरतात ती या दुसऱ्या भीतीला.

संस्थेला हे कसं पटवायचं? भांडू नका. शंभर टक्क्यांचं वाक्य खोडायलाही जाऊ नका, त्यावरून सभा पेटेल. त्याखाली ‘ते साध्य करण्यासाठी शाळेने करावयाच्या गोष्टी’ असा रकाना काढा आणि वर सांगितलं ते तारखा घालून, जबाबदार शिक्षकाचं नाव घालून लिहा. समुपदेशकाचा खर्च संस्थेच्या रकान्यात टाका. पूर्णवेळ जमणार नसेल तर आठवड्यातून दोन दिवस येणारी व्यक्ती दोन-तीन शाळांनी मिळून ठेवावी. आणि हो, शिक्षकांवर मतदार याद्यांपासून पोर्टलवर माहिती भरण्यापर्यंत जे लादलेलं आहे, ते ध्यानात ठेवून आठ दिवसांची मुदत घाला. ज्या सरांकडे बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहे त्यांच्या पेपरांना दहा दिवस द्या. नाहीतर पहिल्याच चाचणीला मुदत मोडेल आणि मग कुणीच पाळणार नाही.

आपली,
सदरलेखिका

ता. क. — डोकेदुखीची जी दोन मुलं रोज येऊन बसतात, त्यांतली एखादी मुलगी असेल तर तिला विचारा, शाळेत दिवसभर पाणी पिते का. बऱ्याच मुली पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागतं आणि तिथली कडी मोडलेली असते किंवा नळाला पाणी नसतं. आज शाळा सुटल्यावर तुम्ही स्वतः तिथे जाऊन बघा. कडी बसवायची असेल तर उद्या सकाळीच माणूस बोलवा, आराखड्याची वाट बघू नका.